कोरा पुठ्ठा

बाबांचा नियम साधा होता. दुरुस्त झालेली गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तिच्याखाली पुठ्ठा सरकवायचा, चार तास तसाच ठेवायचा आणि मग बाहेर ओढून उजेडात बघायचा. पुठ्ठा कोरा असेल तर गाडी बरी झाली. एक थेंब जरी दिसला तरी गाडी परत उचलून लोखंडी घोड्यांवर. पुठ्ठा दाखवल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या हातात किल्ली दिली नाही. लोक हसायचे. एकजण तर म्हणाला होता, "उस्ताद, आमच्या डॉक्टरलापण शिकवा हो हे."

त्या दिवशी पिकअपच्या खाली जो पुठ्ठा जाणार होता, त्यावर मात्र बाबांचं गॅरेजच पणाला लागलेलं होतं.

झालं असं होतं की मागच्या महिन्यात एका टॅक्सीवाल्याच्या पुढच्या चाकाचे तीन नट बाबांकडून नुसते हातानं लावले गेले, पान्यानं आवळायचे राहून गेले. टॅक्सीवाला कोपऱ्यापर्यंत गेला, चाक खडखडायला लागलं, तसा परत आला. हसत हसतच आला बिचारा. "म्हटलं, उस्तादांची आठवण आली म्हणून चाक वळलं." बाबाही हसले. आई जिन्यात उभी होती, ती हसली नाही. टॅक्सीच्या मागच्या सीटवर एक शाळेचं दप्तर पडलेलं तिनं पाहिलं होतं.

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. "अहो, आता बस झालं."

"काय बस झालं?"

"तुम्हाला माहितीये काय ते."

बाबांच्या उजव्या हाताला कंप होता. दोन वर्षांपूर्वी नुसता अंगठा हलायचा, तेव्हा आम्ही म्हणायचो, बाबा कसले एवढे पैसे मोजताय? मग डॉक्टरांनी त्याला कंपवात हे नाव दिलं आणि आमची थट्टा बंद झाली. आता ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. शर्टाची बटणं आई लावायची, तीही अशी, जाता जाता कॉलर नीट केल्यासारखी, म्हणजे त्यांना बटणं लावून घेतल्यासारखं वाटू नये.

बाबांनी ताट पुढं सरकवलं. मग म्हणाले, "एक गाडी. पुढची जी येईल ती. मी एकट्यानं करीन. पुठ्ठा कोरा आला तर हा विषय परत काढायचा नाही. थेंब पडला तर शटर मी स्वतः ओढीन."

"शब्द?"

"शब्द."

मी बोळक्याला मांडीवर घेऊन बसले होते. बोळकं म्हणजे माझी मुलगी, सहा महिन्यांची. एकही दात नसलेलं ते हसू बघून बाबांनीच नाव ठेवलं ते. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी, तो पंधरवड्यातून एकदा यायचा, म्हणून मी आईबाबांकडेच राहत होते. खाली गॅरेज, वर दोन खोल्या, मधे मागच्या बाजूचा लोखंडी जिना. लहानपणी त्याच जिन्यावरून मी दिवसातून पन्नास वेळा पाने घेऊन खालीवर करायची. आणि पन्नास वेळा गायब व्हायची. गॅरेजमध्ये दहा नंबरचा पाना जसा हवा तेव्हा कधीच सापडत नाही, तशी. म्हणून बाबा मला अजूनही दहा नंबर म्हणतात.

पुढची गाडी आली ती गादीवाल्याची पिकअप.

गादीवाला बाबांचं जुनं गिऱ्हाईक. जाडजूड, बोलका, कापसाचा एक तरी धागा कायम मिशीत अडकलेला. आल्या आल्याच म्हणाला, "उस्ताद, माझ्या गाद्यांवर सगळं गाव झोपतं आणि माझी झोप मात्र या गाडीनं उडवलीय. जिथं उभी करावी तिथं लाल डाग. काल एका गिऱ्हाइकाच्या नव्या फरशीवर पडला, तर बाई म्हणते, तुमच्या गाडीला जखम झालीय का?"

बाबा गुडघ्यांवर बसले, मान वाकडी करून खाली बघितलं, बोटाला तेल लावून वास घेतला. "गिअरचं तेल आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे ना तुझा, त्याचं तेल तापतं. गार व्हायला ते या दोन नळ्यांतून पुढं कूलरपर्यंत जातं आणि परत येतं. जिथं लोखंडी नळीला रबर दाबून जोडलंय ना, तिथून पाझरतंय. गंजलीय पार."

"एकच नळी ना?"

"बदलायच्या दोन्ही. दोघी एकाच दिवशी बसलेल्या. एक नवी टाकली आणि दुसरी तशीच ठेवली, तर महिन्याभरात तीही रडणार."

वरून आईचा आवाज आला. ती कपडे वाळत घालत होती. "गाड्यांचं बरं कळतं हो तुम्हाला!"

गादीवाला मिशीत हसला. बाबा नाही हसले. "उद्या सकाळी आण. संध्याकाळी सहाला घेऊन जा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून सगळं पाहिलं. मदत करायची नाही असं ठरलं होतं. बोळकं मांडीवर होतं, रबरी सील तोंडात घालायला धडपडत होतं, आणि माझे हात शिवशिवत होते.

बाबांनी गाडी उचलली, घोड्या लावल्या, दोनदा धक्का देऊन बघितलं. मग पाठीवर झोपून आत सरकले. आता फक्त त्यांचे पाय दिसत होते. जुने नट गंजून बसले होते. त्यावर त्यांनी फवारा मारला आणि मला तिथूनच म्हणाले, "आता काय करायचं?"

"थांबायचं," मी म्हटलं.

"किती?"

"चहा होईपर्यंत."

"शाब्बास."

ते खालून बाहेर आलेच नाहीत. तिथेच पडून राहिले, गाडीकडे बघत. चहाला बाहेर आले असते तर मला त्यांचे हात दिसले असते.

जुन्या नळ्या निघाल्या. कोमट लाल तेल तसराळ्यात सांडलं. बाबांनी जुन्या आणि नव्या नळ्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या, एकेक वाकण बोटानं मापलं, कपड्याच्या मापासारखं. नव्या नळीच्या टोकाची रबरी कडी तेलात बुडवून बसवायची होती. ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा गडगडत माझ्या पायाशी आली. मी उचलली नाही. ते सरपटत आले, स्वतः घेतली, पुसली. आमची नजरानजर झाली तेव्हा ते बोळक्याकडे बघून म्हणाले, "काय गं, आजोबांना हसतेस?"

मग नट लावायची वेळ आली. याबाबतीत बाबांचा दुसरा नियम. नटाला पहिल्यांदा पाना लावायचाच नाही. नुसत्या बोटांनी निदान पाच फेरे. आटे सरळ बसले की नट लोण्यात गेल्यासारखा फिरतो, वाकडे बसले तर बोटाला लगेच कळतं. पान्याला काहीच कळत नाही, तो वाकड्यालाही दाबून घट्ट करतो. लहानपणी मला तासन्‌तास एक बोल्ट आणि एक नट देऊन बसवायचे, डोळे मिटून.

मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते फेरे मोजत होते. चार नट, प्रत्येकाला पाच. मग पाना. मग नळ्या चापांत बसवल्या, नरसाळ्यानं नवं तेल भरलं, इंजिन सुरू करून एकेक गिअर टाकून बघितला, तेल गरम होऊ दिलं, काडी काढून पातळी बघितली. सगळं यथासांग. दीड वाजता त्यांनी इंजिन बंद केलं, फिल्टरच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडून गाडीखाली सरकवला आणि वर आले. घामानं चिंब. चेहरा असा की मला माझ्या शाळेच्या निकालाचे दिवस आठवले.

"झालं," म्हणाले. आईनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि त्या दिवशी चमचाही ठेवला नाही. हातानंच जेवू दिलं, सांडलं तर सांडलं.

जेवण झाल्यावर ते झोपले. आईही आडवी झाली. बोळक्याला पाजून मी पाळण्यात ठेवलं. तिची झोप म्हणजे पाऊण तास, त्यात माझी अंघोळ, तिचे कपडे, जमलंच तर दोन घास. त्या दिवशी मी यातलं काहीच केलं नाही. अनवाणी जिना उतरून खाली गेले.

नुसतं बघायचं होतं. खरंच नुसतं बघायचं होतं.

पुठ्ठ्यावर सात थेंब होते. सातवा अजून ओला होता. मी बघत असतानाच आठवा पडला.

मी तिथेच उकिडवी बसले. वर पंख्याचा आवाज येत होता. मनात आलं, आता उठावं, वर जावं, आणि सहा वाजता जे व्हायचं ते होऊ द्यावं. आईचं काय चुकत होतं? ते दप्तर मीही पाहिलं होतं. पण मग मला बाबांचे ते ओठ दिसायला लागले, एक, दोन, तीन मोजणारे. आणि मी आत सरकले.

गिअरबॉक्सकडचा खालचा नट. वरून घट्ट वाटत होता, पण नळी किंचित तिरकी उभी होती. आटे वाकडे चढले होते. तसराळं खाली धरून मी नट पान्यानं हळूहळू सोडवला. बोटानं आतले आटे चाचपले. पहिला थोडा दुखावला होता, बाकीचे शाबूत. रबरी कडी मात्र चिरली होती. बाबांच्या डबीत त्याच मापाच्या आणखी दोन होत्या. एक घेतली, तेलात बुडवली, बसवली. मग नळी हातानं सरळ धरली, डोळे मिटले आणि नट बोटांनी फिरवला. लोण्यात गेल्यासारखा गेला. पाच फेरे. सहावा अर्ध्यावर अडला तेव्हा पाना घेतला.

सांडलं तेवढं तेल वरून भरलं. खालची बाजू फडक्यानं कोरडी केली. इंजिन सुरू करून तपासायला हवं होतं, पण ते केलं असतं तर सगळे जागे झाले असते.

राहिला पुठ्ठा. फिल्टरचं दुसरं खोकं काही सापडेना. वर बोळकं कुरकुरायला लागलेलं ऐकू आलं. जिन्याखाली आईनं रिकामी खोकी रचून ठेवली होती. त्यातल्या एकाचा तुकडा फाडला, कोरी बाजू वर करून गाडीखाली सरकवला, डागाचा पुठ्ठा चिंध्यांच्या पोत्यामागे कोंबला आणि धावत वर गेले. हात धुतले तरी तेलाचा वास जाईना. तशीच पोरीला जवळ घेतलं. तिनं माझं बोट हुंगलं आणि शिंकली.

साडेपाचला सगळे खाली उतरलो. गादीवाला अर्धा तास आधीच आला होता. त्याला आमच्या घरातल्या पैजेचं काही माहीत नव्हतं. "काय उस्ताद, निकाल?"

बाबा वाकले, पुठ्ठ्याचं टोक धरलं. हात थरथरत होता म्हणून पुठ्ठा जमिनीवर खरखर वाजत बाहेर आला. दारातल्या उजेडात त्यांनी तो धरला.

कोरा.

आईनं आधी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मला वाटलं होतं ती खट्टू होईल. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. हरल्याचा एवढा आनंद मी कुणाला झालेला पाहिलेला नाही. "बरं बाई, हरले मी," ती म्हणाली. "उद्यापासून डबा खालीच आणून देईन. मग तर झालं?"

बाबा हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण हसले. पुठ्ठा गादीवाल्याला दाखवायला म्हणून त्यांनी तो फिरवला. त्याच्या मागच्या बाजूला एक गुबगुबीत बाळ रांगत होतं, तोंड भरून हसत. बोळक्याच्या डायपरचं खोकं.

गादीवाला म्हणाला, "अरे वा, नातीचं चित्रपण?"

बाबांचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, फक्त त्याच्या मागून बाबा निघून गेले. त्यांनी पुठ्ठा पुन्हा उलटा केला, पुन्हा सुलटा. माझ्याकडे बघितलं नाही. गाडीकडे गेले, पाठीवर झोपले आणि आत सरकले.

"अहो, आता काय राहिलं?" आई म्हणाली.

थोड्या वेळानं खालून आवाज आला. "दहा नंबर. इकडे ये."

मी बोळक्याला आईकडे दिलं आणि गाडीशेजारी बसले. बाबांचं बोट त्या नटावर होतं.

"किती फेरे दिलेस हातानं?"

खोटं बोलायचं ठरवूनच वाकले होते. जमलं नाही. "साडेपाच."

"हं." मग हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मीपण पाच मोजले होते गं. दोनच झाले असणार. हात फिरतोय का नुसता थरथरतोय, कळतच नाही आता."

मी त्यांच्या पायावर हात ठेवला. पायही हलत होता.

"खरा पुठ्ठा कुठंय?"

"बाबा, जाऊ दे ना."

"कुठंय?"

मी पोत्यामागून काढून दिला. ते बाहेर आले, उभे राहिले, कपडे झटकले. आठ थेंब. आईच्या हातात तो पुठ्ठा दिला. "हा माझा," म्हणाले. "तो कोरा, हिचा."

आईनं डाग बघितले. तिचा चेहरा एकदम उतरला. "नाही हो," ती म्हणाली, "हे कधीचे जुने असतील. तुमच्याकडे काय कमी डागाचे पुठ्ठे पडलेत?" मग माझ्याकडे वळली. "तुला कुणी सांगितलं होतं गं यात पडायला?"

"तिला ओरडू नको," बाबा म्हणाले. "तिनं काम चोख केलंय."

गादीवाल्याला काहीतरी चुकतंय एवढं कळलं असावं. तो मिशीतला धागा शोधत उभा राहिला.

बाबांनी मला किल्ली दिली. "चालू कर. गरम न करता तपासलेली गाडी मी कधी सोडली नाही, आजही सोडणार नाही." मी चढले. इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबून एकेक गिअर टाकत गेले. ते शेजारी उभे राहून नुसतं ऐकत होते, डोळे मिटून. गाडी चांगली तापल्यावर बंद करायला लावली. पातळी बघून एक पेलाभर तेल वाढवलं, मीच वाढवलं, ते सांगत गेले. मग त्यांनी भिंतीवरचा जुना कॅलेंडरचा कागद काढून पाठकोरी बाजू वर करून खाली सरकवला आणि गादीवाल्याला म्हणाले, "चार तास थांबावं लागेल. नियम आहे."

"थांबतो की," गादीवाला म्हणाला, "गादीवर पडतो मागं." आणि खरंच जाऊन पिकअपच्या मागे गादीवर बसला.

आम्ही तिघं बाकावर बसलो. आई मधेच उठून वर गेली, चहा घेऊन आली. बाबांचा कप तिनं स्वतःच धरला आणि त्यांच्या ओठांना लावला, सगळ्यांसमोर. ते प्यायले.

कागद कोरा निघाला. बाबांनी तो गादीवाल्याला दाखवला, किल्ली दिली. गादीवाला गाडीत चढता चढता म्हणाला, "पुढच्या खेपेला ब्रेकचं काम आहे, उस्ताद." मग आमच्याकडे बघून चाचरला. "म्हणजे, आता दहा नंबरच बघेल की."

पिकअप गेली. ती उभी होती तिथे जमीन स्वच्छ होती.

बाबांनी पाने पुसून फळीवर लावले, आठपासून बावीसपर्यंत. दहा नंबरची जागा रिकामी होती. त्यांनी खिशातून काढून तो माझ्या हातात दिला. मग शटरच्या कडीला हात घातला.

"मी धरू का?" मी विचारलं.

"नको. एवढं येतं मला."

शटर खाली यायला लागलं. त्यांच्या हाताबरोबर तेही थरथरत होतं, सगळ्या पट्ट्या एकावर एक खडखडत होत्या, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. आई जिन्याच्या पायरीवर पाठमोरी बसली होती. तिच्या खांद्यावर झोपलेलं बोळकं त्या आवाजानं दचकून रडायला लागलं. मी तिला घेतलं, आणि शटर पूर्ण खाली टेकेपर्यंत तिचे कान झाकून धरले.